टोमॅटोच्या सूपमधले शेवटचे प्रकरण

सूप ढवळता ढवळता पुस्तक वाचणे ही सूनबाईला नवी गोष्ट नव्हती. नवे होते ते चोरून वाचणे.

मिठाच्या बरणीला टेकवून तिने पुस्तक ओट्यावर उभे केले होते. एक डोळा पातेल्यावर, एक दारावर, आणि पुस्तकासाठी उरलेला कुठला तरी तिसरा. बाहेरच्या खोलीत अण्णा, म्हणजे तिचे सासरे, खिडकीतल्या उन्हात शाल पांघरून डुलक्या घेत होते. नवरा मागच्या दारी सायकलीला तेल देत होता. नणंद न्हाणीघरात होती आणि आतून तिच्या गाण्याचा आवाज येत होता, म्हणजे ती इतक्यात बाहेर येणार नव्हती. पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सूनबाईने सगळी परिस्थिती नीट पडताळून पाहिली होती. पडताळायची राहिलेली गोष्ट एकच. जुन्या पुस्तकाच्या बांधणीतला डिंक हिवाळ्यात, शेगडीच्या शेजारी, कसा वागतो ती.

या घरात हिवाळ्याच्या सुट्टीचा एक रिवाज होता. लांबच्या गावी दातांचा दवाखाना चालवणारी नणंद आठवडाभर माहेरी यायची. तिने चाळिशी ओलांडली होती, तरी घरात ती अजून बेबीच होती. दुपारची जेवणे झाली की सगळ्यांनी बाहेरच्या खोलीत बसायचे, संत्री सोलायची, शेंगा फोडायच्या आणि अण्णांनी एक जाडजूड रहस्यकथा मोठ्याने वाचायची. रोज थोडी थोडी. मधल्या वेळात पुस्तक कपाटावर राहायचे आणि त्याला कोणी हात लावायचा नाही. शेवटच्या दिवशी शेवटचे प्रकरण उरले, की अण्णा पुस्तक मिटायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि म्हणायचे, "बोला. खुनी कोण?" प्रत्येकाने एक नाव सांगायचे. मग चहा, मग शेवटचे प्रकरण. ज्याचे उत्तर बरोबर, त्याने केक कापायचा आणि पहिला तुकडा आपल्या ताटलीत घ्यायचा.

अण्णांची सगळी नोकरी न्यायालयात गेली होती. साक्षीदारांचे जबाब मोठ्याने वाचून दाखवणे हे त्यांचे काम. "आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही, त्यातला एक गाळायचा नाही," हे ते अजून अभिमानाने सांगत. रहस्यकथाही ते त्याच सुरात वाचत. बर्फात अडकलेल्या बंगल्यात मध्यरात्री कोणी 'वाचवा!' म्हणून किंचाळले, तरी ते अण्णांच्या तोंडून अर्ज केल्यासारखे निघे. पण त्यामुळेच की काय, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

निदान सूनबाईच्या तरी यायचा. लहानपणी ती पुस्तकात डोके घालून जेवायची, ताटात काय आहे हे तिला जेवण संपल्यावरही सांगता यायचे नाही आणि आईचा ओरडा बसायचा. आता जेवताना तिच्यासमोर पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल असत. हे पाणी पिण्याजोगे, ते नाही, असे निकाल लावता लावता गोष्टी वाचायची सवय कधी सुटली ते तिलाच कळले नव्हते. वर्षातला हा एक आठवडा तेवढा उरला होता.

आणि लग्न झाल्यापासून आजवर तिने एकदाही खुनी बरोबर ओळखला नव्हता. कधी नवरा ओळखायचा, कधी बेबी. सूनबाई पुरावे गोळा करायची, शक्यता तपासायची, पद्धतशीरपणे एकेक नाव गाळत जायची आणि शेवटी उरलेला माणूस हमखास निर्दोष निघायचा. गेल्या वर्षी तर तिने ज्याला खुनी ठरवले, त्याचाच पुढच्या पानावर खून झाला.

"वहिनी, तुझ्या प्रयोगशाळेवर विश्वास ठेवून अख्खं गाव पाणी पितंय हं," बेबी केक कापता कापता म्हणाली होती.

"नळाला आता फडकं बांधायला हवं," नवऱ्याने भर घातली होती.

तेही चालले असते. पण या वर्षी पहिल्याच दिवशी अण्णांनी चष्म्याच्या जोडीला भिंग घेतले आणि जाता जाता बोलावे तसे बोलून गेले, "बहुतेक हे शेवटचंच वाचन. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, पुढच्या हिवाळ्यापर्यंत अक्षरं काही थांबायची नाहीत." बेबीने एक संत्रे उगाचच फार काळजीपूर्वक सोलले. आणि सूनबाईच्या मनात आले, की अण्णा वाचताहेत तोवर, त्यांच्या देखत, एकदा तरी आपण केक कापावा. एकदाच.

म्हणून आज, शेवटच्या दिवशी सकाळी, तिने कपाटावरून पुस्तक काढले होते.

शेवटच्या प्रकरणात गुप्तहेराने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवले होते. सूनबाईने पळी थांबवली. 'सभ्य स्त्रीपुरुषहो,' गुप्तहेर म्हणत होता, 'हा खुनी दुसरा तिसरा कोणी नसून' आणि पान संपले. तिने घाईने पान उलटले. वाळून कडक झालेल्या डिंकाने तेवढ्यात बांधणी सोडली. शेवटचा अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा, पुस्तकातून अलगद सुटला, हवेत एकदा वळला आणि पातेल्यात गेला.

सूप टोमॅटोचे होते. खुनाच्या गोष्टीला रंग शोभून दिसला.

दुसरे कोणी किंचाळले असते. सूनबाईने गॅस बंद केला, चिमट्याने फर्मा उचलला आणि निथळू दिला. पाने एकमेकांना चिकटली होती. ओला कागद ओढला तर फाटतो, मंद आचेवर वाळवला तर सुटतो, हे तिला ठाऊक होते. तिने तो ट्रेमध्ये पसरला, ओव्हन अगदी कमीवर ठेवला आणि वाफ निघून जावी म्हणून त्याचे दार किलकिले ठेवले. छपाईची शाई कोणाच्या पोटात जाऊ नये म्हणून सगळे सूप मोरीत ओतले. उरलेले पुस्तक कपाटावर जसेच्या तसे ठेवले. सगळे कसे शास्त्रशुद्ध झाले.

"सूनबाई, माझं भिंग कुठंय गं?" बाहेरून हाक आली.

भिंग शालीच्या घडीत होते. ते काढून देताना तिला वाटले, आत्ताच सांगून टाकावे.

"अण्णा, एक सांगायचं होतं. ते पुस्तक आहे ना..."

"त्याचंच चाललंय माझं," अण्णा एकदम ताठ बसले. "घसा साफ राहावा म्हणून उठल्यापासून नुसतं गरम पाणी पितोय. निकालाच्या दिवशी असंच व्हायचं बघ मला. हसू नकोस. आज शेवटचं प्रकरण असं वाचायचंय, की पुढे नुसतं आठवलं तरी पुरावं. तू काय सांगत होतीस?"

"काही नाही. सूप करपलं."

आणि ती हे म्हणत असतानाच करपल्याचा वास आला.

स्वयंपाकघरात नवरा हात पुसत उभा होता. मदत केल्याचे समाधान त्याच्या तोंडावर मावत नव्हते. "अगं, ओव्हनचं दार उघडंच राहिलं होतं तुझं. मी नीट लावलं. बटाटे ठेवले वरच्या कप्प्यात. मोठा केलाय चांगला."

तिने धावत जाऊन दार उघडले. वरच्या कप्प्यात पांढरेशुभ्र, कच्चे बटाटे होते. खालच्या ट्रेमध्ये काळ्या पापुद्र्यांची एक गुंडाळी होती, आणि तिने हात लावताच तिचीही राख झाली.

"बटाटे तर कच्चेच आहेत," नवरा वाकून म्हणाला. "मग वास कसला? आणि ते खाली काय होतं?"

"केकच्या भांड्यात घालायचा कागद."

"एवढा?"

"केक मोठा आहे."

नवऱ्याने बराच वेळ राखेकडे पाहिले. मग खांदे उडवून तो परत सायकलीकडे गेला.

आता उरले होते वाचनालय. दुपारी ते बंद झाले की आठवडाभर उघडणार नव्हते. "दूध आणते," असे सांगून सूनबाई कोट घालून निघाली. बाहेर ऊन होते, पण नुसते दिसायला. तोंडातून वाफा निघत होत्या. आपण इतक्या वर्षांत या आठवड्यात कधी खोटे बोललो नव्हतो आणि आज सकाळपासून तिसऱ्यांदा बोललो, असा हिशेब तिच्या मनात आपोआप झाला.

वाचनालयातल्या बाई गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन कुलूप शोधत होत्या. सूनबाईने पुस्तकाचे नाव सांगितले.

"आहे की आपल्याकडे. पण बाहेर गेलंय."

"कोणाकडे? मला फक्त शेवटचं प्रकरण हवंय. त्यांच्या दारात उभी राहून वाचीन मी."

"मग तुमच्याच दारात उभं राहावं लागेल," बाई हसल्या. "तुमचे मिस्टर घेऊन गेलेत. सुट्टी लागली त्याच दिवशी. दर हिवाळ्यात नेतात. मी सगळ्यांना सांगते, घर असावं तर असं. सासरे तेच पुस्तक विकत घेतात, आणि तरी पोरांना धीर निघत नाही म्हणून इथून दुसरी प्रत जाते. दोघं बहीणभाऊ मिळून वाचत असतील ना?"

"हो," सूनबाई म्हणाली. "मिळूनच."

ती पायऱ्या उतरली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोरून मागचे सगळे केक एका ओळीत गेले. कधी हा जिंकायचा, कधी ती. एकाने बरोबर नाव सांगायचे, दुसऱ्याने मुद्दाम चुकीचे, म्हणजे संशय नको. आणि मधे ती, पुरावे तपासत बसलेली. तिला असा संताप आला, की कानांची थंडी पळाली. पण तो फार वेळ टिकला नाही. दुसऱ्याला लबाड म्हणायचा तिचा हक्क सकाळीच सूपमध्ये बुडाला होता. कपाटावरून पुस्तक नवऱ्याने काढले असते, सूपमध्ये बेबीने पाडले असते, तर केवढे मोकळेपणाने भांडता आले असते! नेमकी इतक्या वर्षांतली तिची पहिली लबाडी, आणि तीही तिला धड जमली नव्हती.

कोपऱ्यावर बेबी समोरून आली. तिने कोटाच्या आत काहीतरी छातीशी धरले होते आणि वरून दोन्ही हातांची घडी घातली होती.

"अय्या, वहिनी! इकडे कुठे?"

"दूध आणायला."

बेबीने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिले. "मिळालं?"

"संपलं होतं. आणि तू?"

"पाय मोकळे करायला. गाडीत बसून बसून आखडतात मग."

सूनबाईने तिच्या कोटाकडे पाहिले. "पोटात दुखतंय का गं?"

"छे! थंडी गं. किती ती थंडी!" म्हणत बेबी जवळजवळ पळत गेली.

घरी येऊन सूनबाईने विचार केला, की नवरा वस्तू लपवील तर कुठे. जिथे कोणी कधी हात घालत नाही तिथे. या घरात अशी एकच जागा होती. सुट्टीत डोंगरात जाऊन राहू म्हणून लग्नानंतर हौसेने घेतलेला आणि एकदाही न उघडलेला तंबू. माळ्यावरून तिने त्याची पिशवी ओढली. आत शेंगांची टरफले होती, वाळलेली संत्र्याची साल होती आणि बेबीची केसांची पिन होती. पुस्तक नव्हते. बेबीचा फुगलेला कोट आणि ती ज्या दिशेने पळाली ती दिशा आता तिच्या ध्यानात आली.

ती पुन्हा धावत वाचनालयाशी पोचली तेव्हा दाराला कुलूप होते. दाराशेजारच्या भिंतीत परत करायची पुस्तके टाकायची पेटी होती. फटीतून डोकावल्यावर आत, सगळ्यांत वर, ते पुस्तक दिसले. तिने हात घातला. बोटे पुठ्ठ्याला लागली. अजून थोडा घातला. कोपर अडकले. पेटी बनवणाऱ्याने पुस्तके आत जावीत आणि बाहेर येऊ नयेत एवढाच विचार केला होता आणि तो फार चांगला केला होता.

"बाई," कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ थांबून म्हणाले, "त्यात पुस्तक टाकायचं असतं. काढायचं नसतं."

"हो. मी टाकलेलंच जरा नीट ठेवत होते," सूनबाई म्हणाली. पाचवे खोटे. कुत्रेसुद्धा तिच्याकडे साशंकपणे बघत होते.

दुपारी जेवायला पाव आणि अर्धेकच्चे बटाटे होते.

"सूप कुठंय?" बेबीने विचारले.

"करपलं."

"सूप करपतं?" नवरा म्हणाला. "बटाटे कच्चे आणि सूप करपलं. हे कुठलं शास्त्र?"

"खा रे गपचूप," अण्णा म्हणाले. त्यांचे जेवणात लक्षच नव्हते. बटाटा दातांखाली कुरकुर वाजत होता, तरी त्यांनी तो केव्हाच संपवला आणि घसा खाकरत उठले.

शेवटच्याआधीचे प्रकरण सुरू झाले. अण्णा एका हातात भिंग धरून ओळीओळीवरून सरकत होते. मधेच एखाद्या शब्दापाशी थांबायचे, भिंग मागेपुढे करायचे, आणि तो शब्द अचूक उच्चारूनच पुढे जायचे. बर्फ, बंद बंगला, विषाने मेलेला खाणमालक. संशयित तीन उरले होते. खाणमालकाचा उधळ्या पुतण्या, त्याला रोज थंड पाण्यातून औषध देणारा डॉक्टर, आणि मुलीला पियानो शिकवणारी गरीब बाई, जी त्या संध्याकाळी त्याच्यासाठी गरम दुधाचा पेला घेऊन गेली होती. सूनबाई ऐकत होती, पण आज प्रथमच तिच्या अंगावर काटा येत नव्हता. तिचे लक्ष फक्त उजव्या बाजूच्या पानांकडे होते. ती एकेक करून संपत होती आणि त्यांच्यापलीकडे काही नव्हते. अण्णा पुस्तक मिटतील तेव्हा सगळ्यांसमोर सांगायचे, हे तिने ठरवून टाकले होते.

अण्णांनी पुस्तक मिटले. चष्मा कपाळावर ढकलला. "बोला. खुनी कोण?"

"पुतण्या," नवरा लगेच म्हणाला.

"दादा, तू कधी सुधारणार! डॉक्टर," बेबी म्हणाली.

"सूनबाई?"

अण्णा इतक्या उत्सुकतेने तिच्याकडे बघत होते, की ठरवलेले वाक्य तोंडातून निघेना. निघाले ते दुसरेच. "पियानो शिकवणारी बाई."

नवरा आणि बेबी दोघेही इतके मनापासून हसले, की शेंगांची टरफले जमिनीवर सांडली.

"ती बिचारी? वहिनी, ती तर माशीसुद्धा मारत नाही!"

"विष सोमल आहे," सूनबाई हळू आवाजात म्हणाली. "पांढरी पूड. थंड पाण्यात ती सहजी विरघळत नाही, तरंगते, नाहीतर तळाशी बसते. डॉक्टरच्या पेल्यात घातली असती तर खाणमालकाला दिसली असती. गरम दुधातच जमेल. आणि गरम पेला त्या एकट्या बाईनंच नेला."

"अगं, गोष्ट आहे ती," नवरा डोळे पुसत म्हणाला. "लेखकाला कुठं माहीत असतं काय विरघळतं ते! म्हणून तर तू दर वर्षी हरतेस."

तिने चहाचा ट्रे भरला. आता दारातूनच सांगायचे, असे म्हणत ती खोलीत आली. पण अण्णांना धीर धरवला नव्हता. त्यांनी पुस्तक उघडले होते. शेवटच्या छापील पानानंतर नुसता पुठ्ठा होता आणि त्याला लोंबणारे चार दोरे. अण्णांनी त्यावर अंगठा फिरवला. भिंग जवळ नेले, दूर नेले. मग चष्म्यावरून वर बघितले. नवऱ्याकडे नाही, बेबीकडे नाही. सरळ सूनबाईकडे. ती ट्रे धरून तशीच उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

अण्णांनी मान खाली घातली, भिंग पुठ्ठ्यावर धरले आणि घसा खाकरला.

"प्रकरण शेवटचं," ते म्हणाले. "गुप्तहेराने सर्व इसमांस दिवाणखान्यात हजर राहण्यास फर्मावले. तो म्हणाला, सभ्य स्त्रीपुरुषहो, प्रस्तुत गुन्ह्यात वापरलेला सोमल हा थंड पाण्यात सहजासहजी विरघळत नाही, ही बाब रसायनशास्त्र जाणणाऱ्या कोणाही व्यक्तीस ठाऊक आहे."

बेबीच्या हातातली शेंग फुटायची थांबली.

"सबब सदर डॉक्टरांचा पेला निर्दोष ठरतो," अण्णा वाचत होते. त्यांनी उलटायला पान नव्हते, म्हणून तेच एक शेवटचे छापील पान ते भिंगाआड अदबीने मागेपुढे करत होते. "पुतण्या हा उधळ्या असला तरी स्वयंपाकघराची वाट त्यास माहीत नव्हती."

"पण अण्णा..." बेबी म्हणाली.

"काय गं?"

"नाही, म्हणजे, तसं कसं असेल?"

"कसं असायला हवं होतं?" अण्णांनी अत्यंत निरागसपणे विचारले. "तुला काही वेगळं ठाऊक आहे का?"

"मला? मला कसं ठाऊक असणार!"

"अण्णा, एखादं पान चुकून पुढचंमागचं झालं असेल का?" नवरा जपून म्हणाला.

"मी उभ्या जन्मात न्यायालयात एक पान पुढंमागं केलेलं नाही. तुला शंका येण्याचं कारण?"

"कारण काही नाही. वाचा. छान चाललंय."

बहीणभाऊ एकमेकांकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखे करत होते. अण्णांचा आवाज चढत गेला. पियानो शिकवणाऱ्या बाईला त्यांनी एक मेलेला भाऊ दिला, खाणीत गाडला गेलेला, आणि खाणमालकावर तिचा जुना राग दिला. ती कबुली देऊ लागली तेव्हा तर अण्णांच्या सुरातला अर्जाचा वास पार गेला. 'मी चूक केली, पण मला दुसरे काही सुचले नाही,' असे ती बाई म्हणाली, आणि सूनबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"समाप्त," अण्णा म्हणाले आणि पुस्तक मिटून त्यावर हात ठेवला. "केक सूनबाई कापणार."

तिने केक कापला. टाळ्या वाजवणे भाग होते, म्हणून नवऱ्याने आणि बेबीने वाजवल्या. संत्र्याचा केक होता, छान फुगला होता. पण तिने पहिला तुकडा तोंडात घातला आणि तो काही केल्या गिळवेना. इतकी वर्षे वाट पाहिलेली गोष्ट चवीला अशी असेल, असे तिला वाटले नव्हते.

बेबी सामान आवरायला उठली, नवरा तिच्या मागे गेला. सूनबाई मोरीशी कपबश्या विसळत होती तेव्हा अण्णा आपला कप घेऊन आत आले.

"शेवटचा फर्मा कुठं गेला?"

"आधी सूपमध्ये. मग ओव्हनमध्ये."

"कसा काय?"

सहावे खोटे सहज बोलता आले असते. "मीच पुस्तक खाली काढलं होतं, अण्णा. शेवट बघायला."

अण्णांनी कप ओट्यावर ठेवला. "बघितलास?"

"नाही. 'दुसरा तिसरा कोणी नसून' इथपर्यंतच."

"ते दोघं बघतात, ते मला माहीत आहे," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"जन्म न्यायालयात गेला माझा. साक्षीदार पढवलेला आहे, हे पहिल्या वाक्याला कळतं."

"मग तरी दर वर्षी वाचत राहिलात?"

"तू चुकायचीस ना. इतकी हमखास चुकायचीस, की मला वाटायचं, घरात एक माणूस तरी खरंच ऐकतंय. त्या एका माणसासाठी घसा साफ ठेवायचो मी."

सूनबाईने विसळलेलीच बशी पुन्हा विसळायला घेतली. सकाळी पातेल्यावर झाकण ठेवले असते तर, एवढेच तिच्या डोक्यात फिरत होते. नुसते झाकण. मग तिने विचारले, "पण अण्णा, मग खरा खुनी कोण?"

"मला काय ठाऊक? मी काय पुढचं वाचून ठेवणाऱ्यातला वाटलो तुला?"

"म्हणजे आपल्या दोघांनाच माहीत नाही?"

"आपल्या दोघांनाच."

"सुट्टी संपली की वाचनालयातून आणते."

"मुळीच आणू नकोस," अण्णा घाईने म्हणाले. "जन्मात एकदा पदरचे शब्द घातले. ते खोटे पडलेले मला बघायचे नाहीत. ती बाईच खुनी. संपलं."

बाहेरच्या खोलीत बेबीच्या सामानाच्या पेटीचे झाकण आपटले आणि मागोमाग दबक्या आवाजातले भांडण ऐकू आले. "तू मधे कशाला बोललीस?" "मग काय करू? आपण दोघांनी वाचलंय ना, सरळ सरळ छापलंय, की त्यानंच..." "हळू!"

"नळ सोड," अण्णा म्हणाले.

सूनबाईने नळ सोडला. पाण्याच्या धारेत बाहेरचे बोलणे विरून गेले. दोघे मोरीकडे तोंड करून उभे राहिले. कपबश्या केव्हाच धुऊन झाल्या होत्या. मग अण्णांचा हात सावकाश पुढे आला, त्याने नळाची चावी चाचपली आणि हळूहळू, आवाज न होऊ देता, ती बंद केली. सूनबाईने श्वास रोखला. अण्णांनी बाहेरच्या खोलीकडे कान केला.

"थांब दादा," बेबीचा आवाज आला. "आधी दार लाव. आत ऐकू जाईल."

आणि दार लागले.